डाव्या हाताची खूण

कोराडी,
४ ऑगस्ट १९८०

शामला,

मंगळवार, १६ जानेवारी १९७९, सकाळी पावणेबारा. त्या मिनिटाला मी तुझ्या उजव्या दाढेच्या मागे सुई घातली. तीन तासांत उतरायला हवी होती ती बधिरता तीन आठवड्यांनीही उतरली नाही, आणि माझं कॉलेज सुटलं. तुझ्या पोस्टकार्डात या तारखेचा उल्लेख नाही, म्हणून मीच आधी लिहून टाकतो. नाहीतर आपण दोघं हवापाण्यावरच लिहीत बसू.

पत्ता आपल्या वर्गातल्या देवरावनं दिला हे कळलं. दिला तर दिला. माझी ॲनाटॉमीच्या चित्रांची वही तुला परीक्षेसाठी हवी आहे. ती ट्रंकेच्या तळाशी होती, तिच्यावर हिवाळ्याचे कपडे होते. फेकली का नव्हती, माहीत नाही. माझ्या खोलीत वामनराव म्हणून एक राहतात, इथेच फिटर आहेत. दर रविवारच्या बसनं ते शहरात जातात. ते वही प्रताप नगरला आणून देतील.

वही बांधताना वामनरावांनी विचारलं म्हणून त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांना खरंच वाटेना. "तुमी एकमेकायलेच सुया टोचता?" मी म्हटलं, हो. पेशंटला हात लावण्याआधी तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी एकमेकांचा जबडा बधीर करून शिकायचं, ही आमच्याकडची पद्धत. जोड्या हजेरीप्रमाणे. परातेच्या मागे रामटेके, म्हणून शामला पराते खुर्चीत आणि उत्तम रामटेके सुई घेऊन उभा. खुर्चीत बसणाऱ्यानं डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवायचा. जिभेतून करंटसारखा झटका गेला, की हात उचलायचा. ती खूण दिसली की सुई मागे घ्यायची, औषध सोडायचं नाही. कारण सुईचं टोक जिभेच्या नसेवर आहे असा त्याचा अर्थ.

वामनराव म्हणाले, "आन् तिनं हात नाही उचलला?"

मी सांगितलं, रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं आहे.

पुढचं तू पाहिलंच. तीन आठवड्यांनी आनंदराव सर सगळ्यांसमोर म्हणाले, रामटेके, पुढचा पेशंट घे. जसं काही झालंच नव्हतं. मी ट्रे भिंतीवर फेकला आणि त्यांच्या खोलीचा दरवाजा असा आदळला, की काच तडकली. त्या आवाजानंतरचं मला फारसं आठवत नाही. उमरेडला गेलो, बाबांशी बोललो नाही, मग इथे वीजकेंद्रात ठेकेदाराकडे लागलो. बॉयलरच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून तपासणीला नेतो. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, ती झटकून तेच घालतो. वाईट वाटतं का विचारशील. नाही वाटत. काहीच वाटत नाही.

जीभ कशी आहे, ते लिही.

उत्तम


प्रताप नगर, नागपूर,
१२ ऑगस्ट १९८०

प्रिय उत्तम,

वही पोचली. तुझे वामनराव दारातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "दाताच्या डॉक्टरीन बाई तुमीच का?" म्हणाले आणि आईनं नाव विचारायच्या आत फाटकाबाहेर. आईनं विचारलं, "कोन होता वं?" मी म्हटलं, पाचवी नर्व्ह घेऊन आला होता. आईनं जे तोंड केलं ते तू पाहायला हवं होतंस.

परीक्षा १४ डिसेंबरला आहे. पुढच्या शिक्षणाला घ्यायचं की नाही ते या एका दिवसावर ठरतं, आणि विचारतात सगळं पहिल्या दोन वर्षांतलं. हाडं, नसा, रक्ताभिसरण, जंतू, औषधं. दिवसभर इंटर्नशिपमध्ये दाढा उपटायच्या आणि घरी येऊन चार वर्षांपूर्वी घोकलेलं पुन्हा घोकायचं. सगळं उडून गेलंय. खिडकीत माझी अर्धी कवटी ठेवलेली असते, तिच्यावर आई पिठाची चाळणी झाकते. म्हणते, ती पाहते माझ्याकडे. आता ती चाळणी पिठाला चालत नाही म्हणून नवी आणली.

तुझ्या वहीतली पाचवी नर्व्ह पाहिली. एक नस, तिच्या तीन फांद्या, निळ्या पेन्सिलीनं. पुस्तकातल्यापेक्षा चांगली. असं कर ना, मी दर पत्रात एक प्रश्न पाठवते, तू न बघता उत्तर लिही. मला तुझ्या शब्दांत लक्षात राहतं. पहिला प्रश्न: चेहऱ्याचा स्पर्श कळवणारी नस आणि चेहरा हलवणारी नस यांतला फरक अडाणी माणसालाही समजेल असा सांगा. दहा मार्क.

जीभ चालते आहे. आई म्हणते, जरा जास्तच.

शामला


कोराडी,
२४ ऑगस्ट १९८०

शामला,

उत्तर. सातवी नस हुकूम नेते, पाचवी खबर आणते. हुकूम तुटला की तोंड वाकडं होतं आणि साऱ्या गावाला दिसतं. खबर तुटली तर कोणालाच काही दिसत नाही. माणूस हसतो, बोलतो, जेवतो. फक्त त्यालाच माहीत असतं.

न बघता लिहिलं आहे. मार्क तू दे.

उत्तर लिहिल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं. जीभ चालते असं तू लिहिलं आहेस. जिभेला कळतं का, ते लिहिलेलं नाहीस. जीभ हलवणारी नस तर बारावी, तिला मी हातच लावला नव्हता. मी तिसऱ्या वर्षात पळालो, पहिल्या नाही.

मागच्या रविवारी बाबा आले होते. तुला ठाऊक आहे, ते उमरेडच्या खाणीत आहेत. सोबत शेजारचे धोंडबा, गाल असा सुजलेला की एक डोळा बंद. बाबांनी तिथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की पोरगा कोराडीच्या दवाखान्यात दाताचा डॉक्टर आहे. दोन बसा बदलून हा माणूस माझ्याकडे दात दाखवायला आला. मी त्यांना दारात उजेडाला बसवलं, चमच्याच्या दांडीनं गाल बाजूला केला. खालची शेवटची दाढ, मुळाशी पू. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जायला सांगितलं, चिठ्ठीवर काय काय सांगायचं ते लिहून दिलं. धोंडबा चिठ्ठी खिशात ठेवत म्हणाले, "डाक्तर, तुमीच काढून टाका ना गा." बाबा जमिनीकडे पाहत होते. मी म्हटलं, इथे हत्यारं नाहीत.

जाताना बाबांना सोडायला बसपर्यंत गेलो. त्यांना मी विचारलं, काहून खोटं सांगता लोकांना. ते म्हणाले, "खोटं कायचं? थोडंच बाकी हाय तुयं." तेवढ्यात बस सुटली.

वामनराव म्हणतात, मी झोपेत नसांची नावं घेतो. पुढचा प्रश्न पाठव.

उत्तम


प्रताप नगर,
१० सप्टेंबर १९८०

प्रिय उत्तम,

साडेनऊ मार्क. अर्धा कापला, कारण परीक्षकाला उलट विचारू नये.

उशीर झाला. वॉर्डात ड्यूटी लागली होती, काल पोळ्याची सुटी मिळाली तेव्हा कुठे बसले. रक्त गोठण्याचं सगळं डोक्यावरून जातंय. तुझी फिजिऑलॉजीची वही असेल तर वामनरावांबरोबर दे. आई म्हणते, यावेळी त्यांना खाल्ल्याशिवाय सोडणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आनंदराव सरांना भेटले. अर्धवट सोडलेल्याला दोन वर्षांच्या आत तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरता येतो, विभागप्रमुखांची शिफारस लागते. शेवटची तारीख ३० सप्टेंबर. सर शिफारस द्यायला तयार आहेत. त्यांनी स्वतः विचारलं, कुठे आहे तो? दरवाज्याचं काही बोलले नाहीत. तडकलेल्या काचेला अजून दवाखान्याची चिकटपट्टीच लावलेली आहे. ही संधी गेली तर पुन्हा नाही, उत्तम. पुन्हा पहिल्या वर्षापासून तुला कोणी घेणार नाही.

तुझे बाबा बरोबर बोलले. थोडंच बाकी आहे.

प्रश्न दुसरा: सुईनं दुखावलेली नस किती काळात भरून येऊ शकते? पुस्तकात एक लिहिलंय, सर वेगळं सांगतात. परीक्षेसाठी विचारतेय.

शामला


कोराडी,
१५ सप्टेंबर १९८०

शामला,

वामनराव काल संध्याकाळी तुमच्याकडून आले. गणपती बसलेत, तुझ्या आईनं मोदक दिले म्हणाले. पुडा टेबलावर ठेवला, हातपाय धुतले, खाटेवर बसून राहिले. मी विचारलं, वही दिली का? तर म्हणाले, "उत्तम गा, त्या पोरीची माय माह्यापुढं रडली."

मग त्यांनी सांगितलं. तू घरी नव्हतीस. तुझ्या आईनं त्यांना वाढलं आणि वाढता वाढता सांगितलं, की पोरीची उजवीकडची जीभ मेली आहे. घास तिकडे गेला की तिला कळत नाही, स्वतःची जीभ स्वतःच चावते. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसतं तेव्हा समजतं. गोड, तिखट, सगळं एकाच बाजूला. दीड वर्ष झालं. स्थळ आलं होतं, ते लोक पाहून गेले, चहा घेताना तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला आणि तुला कळलं नाही. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

आणि तू मला लिहितेस, जीभ चालते आहे, आई म्हणते जरा जास्तच. विनोद करून राहिली माझ्याशी? तुले खोटं बोलायले कोणी सांगतलं होतं? मी काय पेशंट आहे, की मला धीर द्यायचा?

वामनरावांसमोर मोदकाचा पुडा उचलून मी बाहेर फेकला. त्यांनी तो उचलून आणला आणि खाल्ला.

आता मीही लिहूनच टाकतो. त्या दिवशी मी सुई घेऊन तुझ्यावर वाकलो. तोवर तुझा चेहरा मी इतक्या जवळून पाहिलेला नव्हता. तीन वर्षं मी हजेरीच्या वहीचे आभार मानले, की तुझ्या नावानंतर माझं नाव येतं. डिसेक्शन हॉलमध्ये, जंतूंच्या प्रॅक्टिकलला, सगळीकडे तुझ्या शेजारी. कधी बोललो नाही. बोलायचं होतं ते तुझ्या तोंडात सुई घालून झालं.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

फॉर्म मी भरणार नाही.

उत्तम


प्रताप नगर,
२० सप्टेंबर १९८०

उत्तम,

आईला ओरडले. मग ती मला ओरडली. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, कवटी तेवढी मजेत आहे.

बरं, खरं हवं ना तुला, तर घे. उजवी बाजू बधीर आहे. टोकापासून मागपर्यंत, मधोमध रेघ मारल्यासारखी. रोज सकाळी आरशासमोर कापसाचा बोळा फिरवून पाहते. डावीकडे कळतो, मधे येतो आणि मग नाहीसा होतो. वहीत तारीख घालून लिहिते. आरंभी रोज रडायचे. आता दात घासल्यासारखं झालंय. कापूस फिरवायचा, "नाही" लिहायचं, चहा प्यायचा. स्थळ गेलं त्याचं मला दुःख नाही. त्या मुलाचे पुढचे चार दात किडलेले होते.

तुला सांगितलं नाही, कारण तू असंच करणार हे ठाऊक होतं. तू एक तर पेटतोस, नाहीतर विझून बसतोस. मधलं तुला जमत नाही.

पण एक गोष्ट तू नीट ऐक. झटका मला लागला होता. जिभेतून वीज गेली होती. मी हात उचलला नाही. त्याआधी देवरावच्या जबड्यात तुझी सुई दोनदा चुकली होती, सगळे हसले होते, सर तुझ्या मागे उभे होते. मला वाटलं, मी हात उचलला तर हा तिसऱ्यांदा चुकला असं होईल. सहन करू. म्हणून हात दाबून धरला. चूक माझी आहे. रजिस्टरमध्ये त्याच दिवशी मी स्वतः लिहिलं आहे, "मी खूण केली नाही." ज्याला खूण दिसलीच नाही, त्याचा काय दोष?

फॉर्ममध्ये कॉलेज का सोडलं त्याचा रकाना आहे. तिथे एवढंच लिही, की रजिस्टरमधली नोंद मला मान्य आहे, मनस्तापामुळे गैरहजर राहिलो. सर म्हणाले, तेवढं पुरेल. सोमवारी २९ तारखेला ते दुपारी दोन ते चार खोलीत असतील.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. आधी फॉर्म भर, मग उत्तर देईन. तोवर माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. शून्य मार्क.

शामला


कोराडी,
१ ऑक्टोबर १९८०

शामला,

आधी प्रश्नाचं उत्तर. दुखावलेली नस सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत भरून येऊ शकते. त्यानंतर सहसा येत नाही. पुस्तक आणि सर दोघंही बरोबर आहेत, पुस्तक लवकरचं सांगतं, सर उशिराचं. १६ जानेवारीला दोन वर्षं होतात. तोवर कापूस फिरवत राहा. वहीत "नाही" लिहिताना पेन्सिलीनं लिही.

सोमवारी गेलो होतो. दीड वाजताच पोचलो. जिन्यात तोच वास होता, लवंगेच्या तेलाचा. नवीन पोरं खुर्च्यांभोवती उभी होती. एक मुलगी खुर्चीत बसली होती, तिचा डावा हात खुर्चीच्या हातावर. मी तिथे थांबलो नाही.

आनंदराव सरांचे केस पांढरे झालेत. ये, बस म्हणाले. पाणी दिलं. कुठे असतोस, काय करतोस विचारलं, बॉयलरच्या पाण्यात काय तपासतात तेही विचारलं आणि खरंच ऐकून घेतलं. मग त्यांनी फॉर्म पुढे केला आणि कपाटातून रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं, नोंदीचा नंबर फॉर्ममध्ये घालायचा होता म्हणून.

तुझं अक्षर पाहिलं. वाकडं आलं आहे. गाल सुजला होता ना तेव्हा. "मी खूण केली नाही." खाली तुझी सही, तिच्याखाली सरांची.

शामला, तू हात उचलला होतास.

मनगट टेकलेलंच होतं, पण मधली दोन बोटं खुर्चीच्या हातावरून वर आली. मी ती पाहिली. मागून सर म्हणाले होते, "आज तरी, रामटेके," आणि कोणीतरी हसलं होतं. माझं डोकं फिरलं होतं. मी मनात म्हटलं, एवढं तर दुखतंच, आणि सिरिंजचा दट्ट्या दाबला. शेवटपर्यंत दाबला. हे मी वामनरावांना सांगितलं नाही, बाबांना नाही, आणि दीड वर्षं तुलाही नाही. तू त्या सुजलेल्या तोंडानं रजिस्टरमध्ये खोटं लिहिलंस, ते मी वाचलं, आणि गप्प बसलो. ट्रे त्या रागात फेकला. तो राग सरांवर नव्हता. आता मागच्या पत्रात तू तेच खोटं पुन्हा लिहिलंस, त्याला कारणंही जोडलीस, देवरावचा जबडा, पोरांचं हसणं. इतकं नीट लिहिलंस, की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

फॉर्मचा तो रकाना दोन ओळींचा आहे. मी लिहिलं, "विद्यार्थिनीने डावा हात उचलला. मी तो पाहिला. तरी औषध सोडले." आणि सही करून फॉर्म सरांकडे सरकवला.

त्यांनी वाचला. चश्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, असा फॉर्म मी पुढे पाठवू शकत नाही, हे तुला कळतं ना? मी म्हटलं, कळतं.

मग रजिस्टर मिटत ते म्हणाले, "हात मीही पाहिला होता, रामटेके."

मला वाटलं, आता राग येईल. मी त्याची वाट पाहत बसलो. मुठी आवळल्या जातील, कानशिलं तापतील, ती सगळी लक्षणं मला पाठ आहेत. काही आलं नाही. पंखा फिरत होता. मी विचारलं, "मग थांब का नाही म्हणालात?"

"तू थांबशील असं वाटलं."

एवढंच बोलले. सावकाश बोलले, स्वतःला सोडवायला नाही. सही करताना आपला हात जड झाला होता, असंही म्हणाले. नंतर ड्रॉवरमधून दुसरा कोरा फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, उद्या शेवटची तारीख आहे, घरी ने, रात्रभर विचार कर. शामलानं तुझ्यासाठी माझ्याकडे चार खेपा घातल्या आहेत, तिचा तरी विचार कर.

मी तुझाच विचार करत होतो. तू त्या खोलीत चार वेळा आलीस, चार वेळा उजवीकडची जीभ चावली असशील, आणि चार वेळा सांगितलंस, चूक माझी. ते मी पाचव्यांदा सही करून कसं पक्कं करू? तसं करून डॉक्टर झालो असतो, तर प्रत्येक खुर्चीच्या हातावर तीच दोन बोटं दिसली असती. बाबांना काय सांगायचं ते माहीत नाही. थोडंच बाकी हाय म्हणाले होते. रविवारी उमरेडला जातो, खरं काय ते धोंडबांसमोरच सांगतो, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

फॉर्म भरला की उत्तर देईन, असं तू लिहिलं होतंस. फॉर्म भरला. पुढे गेला नाही. उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस. परीक्षेचं मात्र सोडू नकोस. वह्या तुझ्याकडेच ठेव. पाचवी नर्व्ह आली तर निळ्या पेन्सिलीनं काढ.

मी उठलो. कोरा फॉर्म टेबलावरच राहू दिला, त्याच्याशेजारी माझा भरलेला. सर "रामटेके" म्हणाले. दाराशी आलो तेव्हा काच दिसली. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, तिची एक कड सुटून लोंबत होती. ती मी अंगठ्यानं दाबून बसवली, बाहेर पडलो आणि कडी लागेपर्यंत दरवाजा हातानं धरून लावून घेतला.

उत्तम